फराळाच्या डब्यामागे दोन डॉलर: अमेरिकेतून मराठवाड्यातल्या बालगृहाला मदत करताना

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या दिवाळीचा फराळ करून विकतात. व्यवसाय छोटा आहे, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) म्हणून नोंदवलेला, सीझनला मदतीला तीन-चार जणी. गावी आल्या असताना त्यांनी मराठवाड्यातलं एक बालगृह (त्यांच्या शब्दांत 'अनाथाश्रम') पाहिलं आणि तेव्हापासून ती मुलं त्यांच्या डोक्यातून गेलेली नाहीत. यंदा प्रत्येक डब्यामागे दोन डॉलर त्या बालगृहासाठी काढायचे, जोडीला गोफंडमी या ऑनलाइन वर्गणीच्या संकेतस्थळावर आवाहन करायचं, जमलेली रक्कम पुण्यातल्या भावाच्या खात्यावर पाठवायची आणि भावाने ती संस्थेला चेकने द्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे. या पैशातून दोन नव्या खोल्या बांधाव्यात अशी संस्थाचालकांची इच्छा आहे. मुलांचे फोटो त्यांनी पाठवलेत, ते डब्याच्या झाकणावर छापायचे आहेत. "यात काही अडचण येईल का?" एवढंच ताईंनी विचारलं आहे.

मी समाजकार्य शिकले आणि बरीच वर्षं सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यातल्या बालगृहांबरोबर काम करते आहे. मुलांच्या घरच्यांचा शोध, मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढची कागदपत्रं, संस्थांना परदेशातून येणाऱ्या देणग्यांचे हिशेब, हे माझं रोजचं काम. त्यामुळे स्पष्टच सांगते. ताई, तुमच्या बेतातल्या तीन गोष्टी सोडून द्या: भावाचं खातं, झाकणावरचे फोटो आणि त्या दोन खोल्या. बाकीचं सगळं करता येण्यासारखं आहे आणि जरूर करावं.

आधी पैशाच्या वाटेबद्दल, कारण तिथे चूक झाली तर तुमच्याआधी संस्था गोत्यात येते.

परदेशातून भारतातल्या संस्थेला मिळणारी देणगी २०१० च्या परकीय योगदान (विनियमन) कायद्याखाली येते. सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. ज्या संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए नोंदणी किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी आहे, तिलाच असे पैसे घेता येतात. "पण मी तर भारतीयच आहे" असं तुम्ही म्हणाल, आणि त्यात अर्धं सत्य आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत, मग तो कितीही वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहत असो. संस्था अशा वेळी पासपोर्टची प्रत मागते आणि फाइलला लावते. मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की चित्र बदलतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही परकीय स्रोत आहात.

आता तुमच्या बाबतीतला खरा पेच. तुमचा पासपोर्ट भारतीय असला तरी तुमची एलएलसी अमेरिकेत नोंदवलेली आहे, म्हणून तिचा चेक परकीय स्रोताचा. डब्यामागचे दोन डॉलर ग्राहकांना सांगून गोळा केलेले, ती तुमची वैयक्तिक बचत नव्हे. गोफंडमीवर पैसे टाकणाऱ्यांत कोण कुठल्या देशाचा नागरिक, हे तुम्हाला सांगता येणार नाही. हे सगळं एकत्र करून भावाच्या खात्यावर टाकलं आणि त्याने रुपयांत चेक फाडला, तरी पैशाचं मूळ पुसलं जात नाही. परकीय स्रोताकडून आलेली रक्कम मधल्या एक-दोघांच्या हातून फिरून संस्थेत पोचली तरी ती परकीय योगदानच, असं कायद्याच्या व्याख्येत स्पष्टीकरण देऊन लिहिलेलं आहे. भावाला कारण नसताना नोटिसा येतील. संस्थेकडे नोंदणी नसेल तर तिने गुन्हा केला असं होईल, आणि असेल तर चुकीच्या खात्यात पैसे घेतले म्हणून ती नोंदणी धोक्यात येईल. देशात आजवर वीस हजारांहून जास्त संस्थांच्या एफसीआरए नोंदण्या रद्द झाल्या आहेत. त्यातल्या सगळ्याच काही लबाड नव्हत्या. विवरणपत्रं वेळेत न भरल्यामुळे नोंदणी गमावलेल्याही पुष्कळ आहेत.

म्हणून संस्थाचालकांना पहिला प्रश्न हा विचारा: तुमची एफसीआरए नोंदणी चालू आहे का आणि तिची मुदत कधी संपते? नोंदणी पाच वर्षांची असते, मग नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही, तर नवे पैसे घेता येत नाहीत आणि खात्यात पडलेले वापरताही येत नाहीत. "अर्ज केलाय, येईलच" या उत्तरावर दिवाळीची मोहीम उभी करू नका.

दुसरी खूण खात्याची. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी पहिल्यांदा जमा होण्याचं ठिकाण देशभरात एकच आहे: स्टेट बँकेची नवी दिल्ली मुख्य शाखा, संसद मार्ग. संस्था उदगीरची असो की उमरग्याची, तिचं एफसीआरए खातं दिल्लीच्या त्या शाखेतच असतं. शाखेचा क्रमांक ००६९१, आयएफएससी कोडचे शेवटचे पाच आकडे तेच. तिथून संस्था आपल्या गावच्या बँकेतल्या वापराच्या खात्यात पैसे वळवू शकते. त्यामुळे परदेशी देणगीसाठी कुणी तुम्हाला थेट तालुक्याच्या बँकेचा खाते क्रमांक दिला, सहकारी बँकेचा दिला किंवा अध्यक्षांच्या नावाचा यूपीआय दिला, तर तिथेच थांबायचं. दर वेळी फसवणूक असते असं नाही, अनेकदा अज्ञानच असतं. पण ज्या संस्थेला एवढं माहीत नाही तिने परदेशी पैसा हाताळलेला नाही, हे नक्की.

तुम्ही पाहिलेल्या बालगृहाकडे नोंदणी नसेल, आणि छोट्या बालगृहांकडे बहुधा नसतेच, तर लोक एक वाट सुचवतात: पुण्या-मुंबईच्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेला पैसे द्या, ती पुढे पाठवेल. २०२० पूर्वी हे चालायचं, आता चालत नाही. एका संस्थेने दुसरीला परकीय योगदान हस्तांतरित करण्यावर पूर्ण बंदी आहे, दुसरी नोंदणीकृत असली तरीही. हा बदल ग्रामीण भागातल्या लहान संस्थांना फार महागात पडला आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. पण कायदा आहे तोवर त्याच्या आत राहूनच मुलांचं भलं करायला हवं. मोठी संस्था स्वतःचा कार्यक्रम म्हणून, स्वतःचे कर्मचारी नेमून त्याच तालुक्यातल्या मुलांसाठी काम करू शकते. समुपदेशक तिचा, पगार तिच्या खात्यातून, हिशेब तिचा. काही ठिकाणी ही व्यवस्था चांगली चालते.

अमेरिकेतली बाजू त्या मानाने सोपी आहे, तरी तिथेही एक चूक सर्रास होते. मराठवाड्यातल्या संस्थेला तुम्ही थेट पैसे दिलेत तर तुम्हाला किंवा तुमच्या ग्राहकांना अमेरिकेच्या प्राप्तिकरात त्याची वजावट मिळत नाही. संस्थेला भारतात ८०जी, म्हणजे देणगीदारांना करसवलत देणारी मान्यता, मिळालेली असली तरी नाही. वजावट हवी तर देणगी अमेरिकेतल्या ५०१-सी-३ दर्जाच्या (तिथल्या करकायद्याने धर्मादाय मानलेल्या) संस्थेला द्यावी लागते, आणि तिच्या संचालक मंडळाने त्या पैशाचं काय करायचं ते स्वतः ठरवलेलं असावं लागतं. पैसे नुसते पुढे ढकलणारी खिडकी तिने होऊन चालत नाही. न्यू जर्सीत तुम्हाला हे नवीन नसेल, महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी हेच करत आलं आहे. अशा संस्थेशी बोलून बघा. भारतातली कुठली संस्था एफसीआरएखाली व्यवस्थित आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असतं आणि तुमची निम्मी तपासणी तिथे होऊन जाते. गोफंडमीवर स्वतःच्या नावाने आवाहन केलंत तर पैसे तुमच्या खात्यात येतील आणि ते तुमचं उत्पन्न नाही हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर राहील. आवाहन करायचंच असेल तर ५०१-सी-३ संस्थेच्या नावाने करा, म्हणजे पैसे थेट तिच्याकडे जातील.

डब्यामागच्या दोन डॉलरला तिथे वेगळा कायदा लागतो. एखादा व्यवसाय आपला माल विकताना "यातला इतका भाग अमुक संस्थेला जाईल" असं जाहीर करतो, तेव्हा बऱ्याच राज्यांत त्या व्यवसायाने संस्थेशी लेखी करार करणं, मोहीम संपल्यावर हिशेब देणं आणि काही ठिकाणी आधी नोंद करणं बंधनकारक असतं. तुमचे डबे न्यू जर्सीबाहेर कुरिअरने जात असतील तर त्या राज्यांचे नियमही बघायला हवेत. एक तास तिथल्या सीपीएबरोबर, म्हणजे सनदी लेखापालाबरोबर, बसा. त्याच बैठकीत ही रक्कम एलएलसीच्या खर्चात धरायची की तुमची वैयक्तिक देणगी म्हणून, हेही ठरवून घ्या. दिवाळी झाल्यावर ठरवायला गेलात तर हिशेब जुळवताना नाकी नऊ येतील.

तुम्हाला वाटेल, एवढ्या कागदांत मुलं कुठे आहेत? आता त्यांच्याबद्दल बोलते. मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते हेच आहे.

तुम्ही 'अनाथाश्रम' असं लिहिलंत. तुम्ही पाहिलेल्या बालगृहातली किती मुलं खरोखर अनाथ आहेत, हे विचारा. माझ्या अनुभवात या पट्ट्यातल्या बहुतेक मुलांना आई तरी आहे, आजी तरी आहे, नाहीतर मामा आहे. वडील गेले, आईला शेतमजुरीत भागेना, म्हणून लेकरू "बोर्डिंगला" ठेवलं. आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेले आणि कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत पोराला बघायला कुणी नाही. बाप दारू पितो, आईने दुसरं लग्न केलं, नव्या घरी मुलगी नको. ही दुःखं खरी आहेत, पण प्रत्येकाचं उत्तर बालगृहातली कॉट नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवता येतं, तशी सरकारी योजना आहे. विधवा आईला महिन्याचा ठरलेला आधार मिळाला तर मूल तिच्यापाशीच राहतं. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, म्हणजे साधारण पंचवीस डॉलर. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये. अडचण एवढीच की त्या आईला योजना माहीत नसते. माहीत असली तर मृत्यूचा दाखला नसतो, रेशनकार्डावर नाव नसतं, बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. जिल्ह्याच्या कार्यालयात चार हेलपाटे मारले की तिची चार दिवसांची मजुरी बुडते, आणि पाचव्या वेळी ती जात नाही.

अशा वेळी गावात आणखी दोन खोल्या बांधलेलं बालगृह असेल तर काय होतं? खोल्या भरतात. संस्थाचालक वाईट असतात म्हणून नव्हे. कॉट रिकामी दिसली की सरपंच सांगतात, शिक्षक सांगतात, "आमच्या गावातलं एक पोर घ्या." सरकारी अनुदान मुलांच्या संख्येवर असतं. देणगीदाराला भरलेली खोली दाखवायची असते. मूल घरी परत गेलं तर दाखवायला काही उरत नाही, म्हणून त्याला परत पाठवण्याची घाई कुणालाच नसते. बाल न्याय कायदा २०१५ चा मूळ विचार याच्या नेमका उलट आहे: कुटुंब पहिलं, संस्था शेवटची. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही गरिबी हे एकट्याने मुलाला घरापासून तोडण्याचं कारण होऊ नये असं म्हटलं आहे. दूर देशातून येणारा प्रेमाचा पैसा हे पारडं बालगृहाकडे झुकवू शकतो आणि घराकडेही. ते तुमच्या हातात आहे.

बांधकामाला नाही म्हणण्याची कोरडी कारणंही आहेत. इमारत कुणाच्या जमिनीवर उभी राहणार? सातबारा मागा. संस्थेच्या नावाऐवजी अध्यक्षांच्या किंवा त्यांच्या भावाच्या नावावर जमीन असलेली उदाहरणं मी पाहिली आहेत. शिवाय एफसीआरए नोंदणी रद्द झाली तर परकीय योगदानातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकते. फराळाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या भिंती त्या धोक्यात घालू नयेत.

मग पैसे कशाला द्यायचे?

एका बालगृहाची कोठी डोळ्यांपुढे आणा. एका भिंतीला लोखंडी रॅक. वरच्या फळीवर प्लॅस्टिकमधून न काढलेली दप्तरं, छत्तीस मुलांसाठी साठेक. खाली वह्यांचे गठ्ठे, रंगपेट्या, पाण्याच्या बाटल्या, एकाच मापाचे स्वेटर. वाढदिवस, श्राद्ध, पंधरा ऑगस्ट, दिवाळी, प्रत्येक निमित्ताने कुणीतरी गाडी भरून आणतं. आणि त्याच बालगृहात रात्रीच्या मावशी एकट्या असतात, सहा वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं त्यांच्या भरवशावर. पगार असा की घरकाम मिळालं की त्या सोडून जातात. वर्षात तीन मावश्या बदलल्या की लहान मुलं नवीन बाईच्या जवळ जाणं बंद करतात, आणि ते परत सुरू व्हायला फार दिवस लागतात. त्या मावशीच्या पगारात भर घालायला गाडी भरून कुणी येत नाही. तुम्ही ते करा.

तीन कामं सुचवते आणि माझा कल पहिल्याकडे आहे. मुलांना घरी परत नेण्याचं काम करणारी एक पूर्णवेळ समाजकार्यकर्ती. ती घरभेटी करते, आई-आजीचे कागद लावते, बालसंगोपनाचा अर्ज शेवटपर्यंत नेते, बाल कल्याण समितीपुढे अहवाल ठेवते, आणि मूल घरी गेल्यावर वर्षभर तरी महिन्यातून एकदा त्याच्या दारात जाते. हे शेवटचं नसेल तर मूल परत येतं किंवा शाळा सोडून ऊसतोडीला जातं. लोकांना वाटतं पगार म्हणजे 'वरखर्च'. एफसीआरएत प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण प्रत्यक्ष कामावरच्या माणसाचा पगार त्यात मोजला जात नाही. शाळेच्या शिक्षकाचा पगार जसा शिक्षणाचाच खर्च, तसंच हे.

दुसरं काम अठरा पूर्ण झालेल्यांचं. अठराव्या वाढदिवसानंतर मुलाला बालगृह सोडावं लागतं. अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतरच्या मुलामुलींसाठीच्या निवासात, एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं, पण अशी गृहं मोजकी आहेत आणि मुलींसाठी तर फारच कमी. ज्या मुलीला खरोखर कुणी नाही तिच्यासाठी हा दिवस किती भीतीचा असतो, ते मी जवळून पाहिलं आहे. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते अठराच्या आत हाती पडलेलं बरं. खोलीचं भाडं, नर्सिंगची किंवा आयटीआयची फी, पहिल्या सहा महिन्यांची मेस. शंभर डब्यांचे दोनशे डॉलर इथे फार लांबपर्यंत पुरतात. तिसरं काम मावशींच्या पगाराचं, ते वर सांगितलंच.

संस्था हे करायला तयार आहे की तिला फक्त खोल्याच हव्या आहेत, यावरून तुम्हाला बरंच कळेल. शांतपणे विचारा: गेल्या तीन वर्षांत किती मुलं घरी परत गेली, आणि ती आता कुठे आहेत? चांगल्या संस्थेत हा प्रश्न ऐकून लोकांचा चेहरा खुलतो. वही काढतात, नावं न घेता एकेक गोष्ट सांगतात, फसलेलीही सांगतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालचं नोंदणी प्रमाणपत्रही मागा. ते नसताना बालगृह चालवणं हा गुन्हा आहे, मग धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्ट नोंदणी क्रमांक लेटरहेडवर कितीही ठळक असो. प्रत्येक मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलेलं आहे का, हे विचारा. आणि परकीय योगदानाचं वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-४, त्याच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रती मागा. पूर्वी ही विवरणं गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येत. २०२२ मध्ये ती तिथून काढली गेली, त्यामुळे आता संस्थेकडूनच मागावी लागतात. प्रामाणिक संस्था एका दिवसात पाठवते.

फोटोंबद्दल. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं चित्र प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी केली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संस्थाचालकांनी स्वतः फोटो पाठवले म्हणून ते छापायला चालतात असं नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा विचार करा: ती मुलगी वीस वर्षांची होईल, लग्नाचं बघतील, नोकरीला लागेल, आणि तिचा सात वर्षांचा चेहरा 'अनाथ' या शब्दाखाली इंटरनेटवर फिरत असेल. तिला कुणी विचारलं होतं? झाकणावर मुलांनी काढलेला किल्ला किंवा आकाशकंदील छापा, खाली नाव न घालता. मुलांची चित्रं सुंदर असतात आणि ग्राहक ती जपून ठेवतात.

एक जुनं उदाहरण सांगते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढची दोन वर्षं अमेरिकेत गावोगावी बोलत फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं, ठिकठिकाणच्या लहान मंडळांनी वर्गणी जमवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. मला त्यातली दहा वर्षांची मुदत महत्त्वाची वाटते. पुढे सदनावर धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठं वादळ आलं, १८९३ मध्ये इथल्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पण पैसा मध्येच आटेल ही टांगती तलवार तरी रमाबाईंवर नव्हती. समाजकार्यकर्ती नेमायची तर संस्थेला निदान तीन वर्षांची खात्री हवी. एका दिवाळीत पाच हजार डॉलर देऊन पुढच्या वर्षी गप्प बसण्यापेक्षा तीन वर्षं दरवर्षी दोन हजार दिलेत तर मुलांच्या दृष्टीने त्याची किंमत कितीतरी जास्त आहे. छोट्या व्यवसायाला हेच झेपतंही. कमी विक्रीच्या वर्षी काय करायचं ते करारातच लिहा: निदान इतके, जास्तीत जास्त इतके.

कपडे, खेळणी, जुने लॅपटॉप गोळा करून पाठवू का, असंही लोक विचारतात. नको. वस्तूही परकीय योगदानात मोजल्या जातात, कस्टम्सचा व्याप वेगळाच, आणि कोठीतला रॅक तुम्ही आत्ताच पाहिलात.

तुमच्या भावाला मात्र यातून वगळू नका, पुण्यात आपलं माणूस असणं ही मोठी जमेची बाजू आहे. त्याला पैशाचं काम न देता डोळ्यांचं काम द्या. वर्षातून दोनदा, एकदा ऐन ऊसतोडीच्या हंगामात आणि एकदा जूनमध्ये शाळा सुरू होताना, त्याने जाऊन यावं. रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण झोपतं, संडासाला आतून कडी आहे का, तक्रारपेटी कोण उघडतं, हे बघावं. मुलांना वैयक्तिक काही विचारू नये आणि फोटो काढू नये. स्थानिक पैशाचाही एक उपयोग होतो: त्याने स्वतःच्या कमाईतून रुपयांत संस्थेला काही दिलं तर ते परकीय योगदान नाही, त्याला एफसीआरए लागत नाही. फक्त ते खरोखर त्याचेच पैसे असले पाहिजेत. त्याच्या सोसायटीत वर्गणी गोळा करायचा विचार असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी. गणेश मंडळं वर्गणीसाठी तिथे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खालची जी परवानगी घेतात ती सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करणाऱ्या इतरांनाही लागते.

डब्यावरचा मजकूर मी असा ठेवला असता: "या डब्याच्या विक्रीतून दोन डॉलर (संस्थेचं नाव) या नोंदणीकृत संस्थेला दिले जातील. मुदत (तारीख) ते (तारीख), एकूण मर्यादा (रक्कम). ही रक्कम महाराष्ट्रातल्या मुलांना आपल्या कुटुंबात राहता यावं यासाठीच्या कामावर खर्च होईल. हिशेब जानेवारीत आमच्या पानावर मिळेल." कंसातलं संस्थेचं नाव म्हणजे अमेरिकेतल्या ज्या संस्थेशी तुमचा करार झाला तिचं. 'नफ्यातला काही भाग' असं मोघम लिहू नका, आणि मुलांना बिचारी ठरवणारं एकही विशेषण वापरू नका.

वेळेचं सांगायचं तर डबे छापायला टाकण्याच्या निदान चार महिने आधी सुरुवात करा. अमेरिकेतल्या संस्थेशी बोलणं, तिच्या संचालक मंडळाची बैठक, करार, इकडच्या संस्थेचे कागद, यात तेवढे दिवस जातात. यंदा ते जमणार नसेल तर यंदा डब्यावर काही लिहू नका. भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या बचतीतून जमेल तेवढं बँकेमार्फत संस्थेला पाठवा, पासपोर्टची प्रत जोडा, पावती घ्या आणि पुढच्या दिवाळीची तयारी लावा. आणि मोहीम चालू असताना इकडच्या संस्थेची नोंदणी अडकली असं कळलं, तर पैसे अमेरिकेतल्या संस्थेच्या खात्यातच राहू द्या. ग्राहकांना कारण सांगून तसं कळवा, आणि त्याच जिल्ह्यात हेच काम करणारी दुसरी नोंदणीकृत संस्था शोधायला सांगा. असा प्रसंग आला तर काय करायचं, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.